सांगाडा एकाचा, अंग दुसऱ्याचे : इटलीतील हस्तनिर्मित स्पोर्ट्‌स मोटारींच्या ओळखीचा प्रश्न

पहिल्या महायुद्धानंतरच्या वर्षांपासून साठीच्या दशकाच्या मध्यापर्यंत इटलीत उंची किंवा शर्यतीची मोटार घेणे म्हणजे पुष्कळदा दोन वेगळे व्यवहार करणे असे. ग्राहक आल्फा रोमिओ, लान्चिया, मासेराती किंवा पुढच्या काळात फेरारी यांच्याकडून इंजिन, गिअरबॉक्स, चाके आणि स्टिअरिंग बसवलेला, पण अंग नसलेला सांगाडा, म्हणजे चॅसी, विकत घेई आणि तो मिलान किंवा तुरिनमधल्या एखाद्या ‘कारोत्सेरिया’कडे पाठवला जाई. कारोत्सेरिया म्हणजे मोटारीचे अंग हाताने घडवून देणारा कारखाना; यांतील काहींचा धंदा घोडागाड्यांपासून चालत आलेला होता, तर काहींच्या संस्थापकांनी विमानांच्या कारखान्यात हलक्या पत्र्याचे काम आत्मसात केले होते. अशा मोटारीला जन्मतःच दोन निर्माते आणि दोन क्रमांक असत, आणि तिच्या ओळखीचा जो प्रश्न आज संग्राहक, संग्रहालये, लिलावसंस्था आणि प्रसंगी न्यायालये यांच्यापुढे येतो त्याचे मूळ या दुहेरी जन्मात आहे.

हा प्रश्न वरवर एकच वाटला तरी त्यात तीन प्रश्न गुंतलेले आहेत. समोरची मोटार कोणत्या कारखान्याच्या कोणत्या नमुन्याची आहे, हा त्यातला सर्वांत सोपा भाग होय. ती त्या नमुन्याचा नेमका कोणता नग आहे, म्हणजे अमुक साली अमुक शर्यतीत धावलेली किंवा अमुक प्रदर्शनात मांडलेली तीच मोटार आहे काय, हा भाग अधिक अवघड आहे. आणि तोच नग असल्यास त्यातले किती द्रव्य त्या वेळचे आहे, हा भाग सर्वांत चिवट असून पैशाची सर्व गणिते त्यावरच फिरतात. या विषयावरच्या लेखनात तिन्ही प्रश्नांची सरमिसळ वारंवार आढळते, आणि पुष्कळ वाद हे पुराव्यांचे नसून कोणत्या प्रश्नाचे उत्तर दिले जात आहे याविषयीच्या घोळाचे असतात.

ओळखीची सुरुवात स्वाभाविकपणे रूपापासून होते. मिलानमध्ये १९१९ मध्ये उगो झागातो यांनी सुरू केलेल्या कारखान्याची अंगे हलकी, अलंकरण टाळणारी आणि शर्यतीच्या गरजेला बांधलेली असत. पन्नाशीच्या दशकात या कारखान्याने छतावर चालक व सहप्रवासी यांच्या डोक्यांपुरते दोन उंचवटे ठेवण्याची रीत रूढ केली आणि तीच पुढे त्याची खूण ठरली. त्याच शहरात १९२६ मध्ये फेलिचे बियांकी आंदेर्लोनी आणि गायतानो पोन्झोनी यांनी उभारलेल्या टूरिंगची वळणे अधिक वाहती आणि संयत असत. तुरिनमध्ये गिया, बेर्तोने, १९३० पासून बात्तिस्ता ‘पिनिन’ फारिना यांचा कारखाना आणि १९४८ पासून आल्फ्रेदो विन्याले यांचा कारखाना असे अनेक शेजारी होते, तर मोदेना येथे सेर्जो स्कालिएत्ती फेरारीच्या शर्यतीच्या मोटारींची अंगे कागदावरच्या आराखड्यापेक्षा नजरेच्या अंदाजाने ठोकून काढीत. जाणकार माणसाला दिव्यांच्या खोबणीचा काठ, दरवाजाच्या खालच्या कोपऱ्याची गोलाई किंवा समोरच्या जाळीची पट्टी पाहून कारखान्याचे नाव सुचते, आणि ते बहुधा बरोबरही असते.

तरीही रूप हा साक्षीदार बोलका असला तरी विश्वासार्ह नाही. कारखाने एकमेकांपासून चार रस्त्यांच्या अंतरावर होते आणि कसबी माणसे त्यांच्यात सतत ये-जा करीत. बात्तिस्ता यांचे वडीलबंधू जोव्हान्नी फारिना यांचा ‘स्ताबिलिमेंती फारिना’ हा कारखाना या दृष्टीने एक शाळाच होता. विन्याले, रेखाटनकार जोव्हान्नी मिकेलोत्ती आणि पिएत्रो फ्रुआ हे तिघेही तिथून बाहेर पडलेले आहेत, आणि मिकेलोत्ती यांनी तर पुढे एकाच काळात अनेक प्रतिस्पर्धी कारखान्यांसाठी चित्रे काढून दिली. शिवाय दोन भावांचे दोन कारखाने एकाच आडनावाचे असल्याने जुन्या जाहिराती आणि वृत्तान्त यांत ‘फारिना’ असा नुसता उल्लेख आला की घोटाळा ठरलेलाच; धाकट्या भावाचे टोपणनाव आणि आडनाव जोडून ‘पिनिनफारिना’ हे एकच अधिकृत नाव १९६१ मध्ये झाले, हे लक्षात ठेवले तर निदान काही कागदांचा काळ तरी ठरवता येतो.

रूपाने दिशाभूल कशी होते याचे ठळक उदाहरण म्हणजे जोव्हान्नी सावोनुत्सी या अभियंत्याने गियासाठी आखलेली ‘सुपरसॉनिक’ नावाची आकृती. जेट विमानाची आठवण करून देणारे हे अंग प्रथम आल्फा रोमिओ १९०० च्या यांत्रिक भागांवर बेतलेल्या एका शर्यतीच्या मोटारीसाठी १९५३ मध्ये तयार झाले. त्यानंतर ते फियाटच्या ८व्ही या दोन लिटरच्या व्ही-८ इंजिनाच्या चॅसीवर अनेकदा चढवले गेले आणि जॅग्वार व अ‍ॅस्टन मार्टिन या इंग्रजी चॅसींवरही बसले. केवळ छायाचित्र पाहून या मोटारीला नाव देणारा माणूस म्हणजे नुसता अंगरखा पाहून माणसाचे गोत्र सांगणारा होय. याच्या उलट बाजूस फियाट ८व्ही हीच चॅसी घेतली, तर १९५२ पासून बनलेल्या अवघ्या ११४ मोटारींत फियाटचे स्वतःचे, झागातोचे, गियाचे आणि विन्यालेचे अशी कितीतरी अंगे सापडतात. रूप देशांतर करते ते वेगळेच. टूरिंगने फेरारी १६६ साठी घडवलेली आणि १९४८ च्या तुरिन प्रदर्शनात मांडलेली ‘बार्केत्ता’, म्हणजे छोट्या होडीसारखी उघडी मोटार, इंग्लंडमधल्या टोजेरो मोटारीच्या अंगाचा आदर्श ठरली आणि त्या वाटेने ए.सी. एस व कोब्रा या मोटारींच्या रूपातही उतरली.

म्हणून रूप ओलांडून घडणीकडे जावे लागते, आणि या विषयाचा खरा अभ्यास इथे सुरू होतो. टूरिंगने तीसच्या दशकाच्या उत्तरार्धात पेटंट घेतलेली ‘सुपरलेज्जेरा’ म्हणजे ‘अतिहलकी’ ही पद्धत त्याचे उत्तम उदाहरण आहे. या पद्धतीत बारीक व्यासाच्या पोलादी नळ्या वाकवून आणि जोडून मोटारीच्या आकाराचा पिंजरा उभा करीत आणि त्यावर हाताने ठोकलेले अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे चढवून त्यांच्या कडा नळ्यांभोवती दुमडून घेत. अ‍ॅल्युमिनियम आणि पोलाद ओलाव्यात एकमेकांना थेट चिकटले तर त्यांच्यात विद्युत-रासायनिक क्रिया होऊन गंज धरतो, म्हणून मध्ये कापडाचा थर ठेवला जाई. पण कापड पाणी शोषून घेते, आणि म्हणून पन्नास-साठ वर्षांनी नेमका तोच भाग आतून पोखरलेला आढळतो. ओळख पटवणाऱ्याला हा दोष उपकारक ठरतो. नळ्यांचे टोक कसे कापले आहे, जोड ऑक्सि-अ‍ॅसिटिलीनच्या ज्योतीने केला आहे की नंतरच्या काळात सार्वत्रिक झालेल्या टिग पद्धतीने, जोडानंतर पत्रा पुन्हा हातोडीने बसवला आहे काय, दुमड आत कुठे संपते, या गोष्टी रंगाच्या आणि अस्तराच्या आड असल्याने त्यांची नक्कल करण्याचे कष्ट फारसे कोणी घेत नसे. जो पुरावा कोणालाच दाखवण्यासाठी नव्हता, त्याचे वजन सर्वांत जास्त धरावे, हे या क्षेत्रातले सर्वांत उपयुक्त सूत्र होय.

अंग बनवणाऱ्या कारखान्यांचे स्वतःचे काम-क्रमांकही याच वर्गात येतात. एकाच वेळी अनेक मोटारी अर्धवट अवस्थेत उभ्या असत, त्यांचे बॉनेट, दरवाजे आणि डिकीची झाकणे रंगकामासाठी व अस्तरासाठी वेगवेगळ्या दालनांत जात, आणि हाताने ठोकलेले असल्याने एकाचे झाकण दुसऱ्याला बसत नसे. त्यामुळे प्रत्येक सुट्या भागाच्या आतल्या बाजूस काम-क्रमांक, किंवा त्याचे शेवटचे दोन-तीन अंक, ठोकून ठेवत किंवा अस्तराच्या पाठीमागे खडूने लिहीत. बिजागरीची पट्टी, बॉनेटच्या आतील कड, आसनाखालची फळी आणि दरवाजाच्या अस्तरामागचा पुठ्ठा या जागा म्हणूनच प्रथम तपासल्या जातात. मोटारीच्या सर्व भागांवर एकच अंक मिळाला तर अंग आणि त्याची झाकणे एकत्र जन्मली आहेत एवढे निश्चित होते. ते अंग याच चॅसीवर जन्मले काय, याचे उत्तर त्याने मिळत नाही, कारण कारखान्याचे अंक चॅसीशी जोडणारी वही उपलब्ध असेलच असे नाही. झागातोचा मिलानमधील कारखाना १९४३ च्या बॉम्बफेकीत उद्ध्वस्त झाला, आणि त्यामुळे त्याच्या युद्धपूर्व कामाचा इतिहास बहुतांशी मोटारींवरून, छायाचित्रांवरून आणि चॅसी-कारखान्यांच्या कागदांवरून बाहेरूनच रचावा लागतो.

हस्तकामाची आणखी एक खूण म्हणजे असमानता. पत्रा ठोकणारा कारागीर डावीकडचे आणि उजवीकडचे मडगार्ड स्वतंत्रपणे घडवीत असल्याने दोहोंत काही मिलिमीटरचे, प्रसंगी त्याहून अधिक, अंतर राहते. मध्यरेषेपासून दोन्ही दिव्यांची अंतरे मोजली की ते उघडे पडते. अगदी तंतोतंत समान बाजू असलेले ‘मूळ’ अंग हे म्हणूनच संशयाचे कारण मानले जाते.

सुटे भाग काळ सांगतात, पण ते सावधपणे ऐकावे लागतात. बोलोन्याचे वेबर कार्बोरेटर, मिलानच्या बोर्रानीची तारांची चाके, व्हेल्याची मापकयंत्रे, कारेल्लो आणि मारेल्ली यांचे दिवे, काचेच्या कोपऱ्यावरची उत्पादकाची मोहोर, या सर्वांवर नमुना-क्रमांक असतात आणि जुन्या सूचिपत्रांशी ते ताडून पाहता येतात. एखादा भाग मोटारीच्या कथित सालापेक्षा जुना असेल तर त्यात नवल नाही, कारण कोठीतला माल वापरणे ही छोट्या कारखान्यांची नित्याची गोष्ट होती. भाग नंतरचा असेल तर मात्र स्पष्टीकरण लागते, जरी ते बहुधा ‘दुरुस्ती’ एवढेच साधे असते. मानचिन्हे आणि नामपट्ट्या यांना तर जवळपास काहीच वजन देऊ नये. दोन स्क्रूंनी बसणारी वस्तू दोन स्क्रूंनी निघतेही.

चॅसीवर ठोकलेला क्रमांक हा सर्वसाधारण समजुतीप्रमाणे निर्णायक पुरावा आहे, आणि काही मर्यादेपर्यंत ते खरेही आहे. क्रमांकाच्या रचनेतूनच पुष्कळ कळते. आल्फा रोमिओच्या ८सी २३०० या १९३१ ते १९३४ या काळात बनलेल्या आठ सिलिंडरच्या मोटारीत पहिल्या मालिकेचे क्रमांक २१११ ने, दुसरीचे २२११ ने आणि तिसरीचे २३११ ने सुरू होतात. फेरारीने बराच काळ रस्त्यावरच्या मोटारींना विषम आणि शर्यतीच्या मोटारींना सम क्रमांक दिले, आणि क्रमांकामागची अक्षरे नमुन्याचा निर्देश करीत, उदाहरणार्थ ‘एमएम’ म्हणजे मिल्ले मिलिया या शर्यतीचे नाव. पण क्रमांक म्हणजे शेवटी धातूवर मारलेले ठसे आहेत. शर्यतीच्या संघांना सीमेवर जकातीची कागदपत्रे दाखवावी लागत, आणि कागद एका मोटारीचे व प्रवासाला निघालेली मोटार दुसरी असा प्रसंग आला की कागद बदलण्यापेक्षा ठसा बदलणे सोपे पडे. मासेरातीच्या २५०एफ या ग्रां प्री मोटारींच्या क्रमांकांची अदलाबदल हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. ही फसवणूक आजच्या अर्थाने नव्हती, पण तिने निर्माण केलेला गुंता खऱ्या फसवणुकीच्या फार उपयोगी पडला.

ठसा नंतर खोडून पुन्हा मारला आहे काय, हे तपासण्याचे साधन गुन्हे-अन्वेषणाच्या प्रयोगशाळेतून आले आहे. ठसा मारताना त्याच्या खालचा धातू काही खोलीपर्यंत दाबला जाऊन त्याची स्फटिकरचना विकृत होते. वरचा थर घासून टाकला तरी ही विकृती शिल्लक राहते आणि तांब्याचे क्लोराइड व हायड्रोक्लोरिक आम्ल यांचे मिश्रण लावल्यास तो भाग आजूबाजूच्या पोलादापेक्षा वेगळ्या गतीने काळवंडतो, त्यामुळे पुसलेले अंक काही काळ पुन्हा दिसू लागतात. खोलवर घासले असेल किंवा तो तुकडाच कापून दुसरा जोडला असेल तर ही पद्धत निरुपयोगी ठरते, पण तसे केल्यास जोड दिसतो, आणि क्रमांकाभोवतीचा चौकोनी जोड हा स्वतःच एक कबुलीजबाब असतो.

कागदांच्या बाबतीत इटली इतर अनेक देशांपेक्षा सुदैवी आहे. १९२७ मध्ये तिथे ‘पुब्लिको रेजिस्त्रो आउतोमोबिलिस्तिको’ म्हणजे मोटारींची सार्वजनिक नोंदवही कायद्याने सुरू झाली आणि ती इटलीच्या ऑटोमोबाइल क्लबकडे सोपवण्यात आली. तिच्यात मोटारीची मालकी जमिनीच्या फेरफाराप्रमाणे क्रमाने नोंदली जाते, आणि तिचा कालानुक्रमिक उतारा मिळाला तर कारखान्यातून निघाल्यापासूनचे मालक, विक्रीच्या तारखा आणि इंजिनाचा क्रमांक यांची साखळी हाती येते. नोंदणीपाटीवर प्रांताची अक्षरे असत आणि मालक दुसऱ्या प्रांतात गेला की पाटी बदले, म्हणून एका मोटारीच्या आयुष्यात तीन-चार पाट्या येणे स्वाभाविक आहे. मात्र ‘प्रोव्हा’ असे लिहिलेल्या चाचणी-पाट्या कारखान्याच्या मालकीच्या असून त्या एका मोटारीवरून काढून दुसरीवर लावल्या जात; अशा पाटीच्या आधारे मोटार ओळखणे ही नवख्या संशोधकांची ठरलेली चूक आहे.

कागद आणि धातू यांना जोडणारा तिसरा दुवा म्हणजे छायाचित्र, आणि या बाबतीत ब्रेशिया ते रोम आणि परत अशी सुमारे हजार मैलांची, १९२७ ते १९५७ या काळात भरलेली मिल्ले मिलिया ही शर्यत अभ्यासकांना मिळालेला सर्वांत मोठा ठेवा आहे. तिच्या आदल्या दिवशी ब्रेशियाच्या चौकात मोटारींची तपासणी होऊन त्यांना शिशाची सीले लावली जात, आणि त्या वेळी उभ्या मोटारींची जी स्थिर छायाचित्रे निघत त्यांत शर्यत-क्रमांक, नोंदणीपाटी आणि अंगाचा तपशील एकाच चौकटीत येतो. पुढे तर शर्यत-क्रमांक सुटण्याच्या वेळेवरून दिला जाऊ लागला; १९५५ मध्ये स्टर्लिंग मॉस यांच्या मर्सिडीझवरचा ७२२ हा आकडा म्हणजे सकाळी ७ वाजून २२ मिनिटे. अशा छायाचित्रातले इंधनाच्या झाकणाचे स्थान, रिव्हेटांची रांग, बॉनेटच्या पट्ट्यांचे बूड आणि दिव्यांमधले अंतर आजच्या मोटारीशी ताडून पाहता येते. रंग काढल्यावर पत्र्याच्या आतल्या बाजूने बुजवलेली छिद्रे दिसली आणि ती जुन्या छायाचित्रातल्या, आता नसलेल्या, जादा दिव्याच्या जागी नेमकी पडली, तर तो पुरावा दहा प्रमाणपत्रांना भारी मानावा. अशी बुजवलेली छिद्रे नंतरच्या पुनर्रचनेत सहसा कोणी मुद्दाम निर्माण करीत नाही.

या विखुरलेल्या साधनांना एकत्र आणणारे काम प्रामुख्याने काही चिकाटीच्या व्यक्तींनी केले आहे. आल्फा रोमिओमध्ये रेखाटनकार म्हणून काम केलेल्या लुईजी फूझी यांनी त्या कारखान्याच्या १९१० पासूनच्या सर्व मोटारींची सूची रचली आणि आरेझे येथील संग्रहालयाची पायाभरणी केली. इंग्रज संशोधक सायमन मूर यांनी ८सी २३०० आणि ८सी २९०० या दोन नमुन्यांच्या प्रत्येक ज्ञात चॅसीचे स्वतंत्र चरित्र लिहिले, आणि आज त्या नमुन्यांची कोणतीही विक्री त्या ग्रंथांचा आधार घेतल्याशिवाय होत नाही. अलीकडे कारखाने स्वतःच प्रमाणपत्रे देऊ लागले आहेत. फेरारीने २००६ मध्ये यासाठी वेगळा विभाग काढला. त्या विभागाजवळचे मूळ कागद अमोल आहेत, पण प्रमाणपत्र देणारी, दुरुस्ती करणारी आणि नावाच्या मूल्यातून लाभ घेणारी संस्था एकच असावी, ही रचना निर्दोष म्हणता येत नाही. शिवाय कारखान्याचे प्रमाण मोटार जन्मली तेव्हाची स्थिती हाच आदर्श मानते, आणि हस्तनिर्मित मोटारींच्या बाबतीत हे गृहीतच वादग्रस्त आहे.

त्याचे कारण असे की या मोटारी त्यांच्या ऐन उमेदीतच पुन्हापुन्हा अंग बदलत असत. शर्यतीत आपटलेली किंवा दोन हंगामांत जुनी दिसू लागलेली मोटार मालक नव्या कारोत्सेरियाकडे धाडी. फेरारी १६६ च्या क्रमांक ०२४ एमबी या चॅसीवर शर्यतीत उतरणाऱ्या मार्झोत्तो बंधूंसाठी पादुआच्या फोंताना या कारखान्याने १९५१ मध्ये शिल्पकार फ्रांको रेज्जानी यांच्या कल्पनेतून अंड्याच्या आकाराचे अंग चढवले. ‘उओव्हो’ म्हणजे अंडे या नावाने ओळखली जाणारी ही मोटार त्या अंगानेच इतिहासात आहे, आणि तिला ‘मूळ’ रूप परत देण्याची कल्पनाही कोणाला सुचू नये. याउलट आल्फा रोमिओ ८सी २३०० च्या बाबतीत पुढे जे घडले ते इतके निरागस नाही. तिची आखूड चॅसी पुढच्या व मागच्या चाकांत २.७५ मीटर आणि लांब चॅसी ३.१० मीटर अंतराची होती. आखूड चॅसीवरची दोन आसनी झागातो मोटार सर्वाधिक मागणीची ठरल्यावर लांब चॅसी कापून आखूड करण्याचे आणि त्यांवरची प्रशस्त अंगे काढून टाकण्याचे प्रकार झाले. फेरारीच्या २५० जीटीई या चार आसनी मोटारी तोडून त्यांवर २५० जीटीओची अंगे चढवण्याचा उद्योगही याच जातीचा. अशा मोटारींत इंजिन खरे, क्रमांक खरा, कारखाना खरा, आणि तरीही जी वस्तू समोर दिसते ती त्या काळात कधी अस्तित्वातच नव्हती.

यावर कायद्याने काय म्हटले आहे, हे पाहताना इटलीबाहेर जावे लागते. १९२९ आणि १९३० ची ल मां शर्यत जिंकलेल्या ‘ओल्ड नंबर वन’ या बेंटलीच्या विक्रीवरून १९९० मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयात वाद झाला, कारण पुढच्या काळातील फेरबांधण्यांमुळे विजयाच्या वेळचे भाग तिच्यात फारच थोडे उरले होते. न्यायमूर्ती ऑटन यांनी असा निर्णय दिला की त्या मोटारीचा इतिहास कुठेही तुटलेला नसून ती टप्प्याटप्प्याने बदलत आली आहे, त्यामुळे ते नाव वापरण्याचा तिला अधिकार आहे. ओळख ही द्रव्यात नसून अखंड सातत्यात असते, हे तत्त्व तेव्हापासून या व्यवसायात आधारस्तंभासारखे वापरले जाते. त्याची मर्यादा सातत्य दुभंगते तिथे दिसते. पिनिन फारिनाचे अंग असलेली १९५४ सालची फेरारी ३७५ प्लस, क्रमांक ०३८४ एएम, अमेरिकेतून चोरीला जाऊन बेल्जियममध्ये नव्या अंगाने उभी राहिली, तर तिचे काही मूळ भाग अमेरिकेतच राहिले. तडजोड होऊन २०१४ मध्ये मोटार आणि सुटे भाग एकत्रच लिलावात काढण्यात आले, आणि ते एका अर्थाने ओळखीच्या दोन दावेदारांना एकाच पावतीत बसवणे होते.

अ‍ॅस्टन मार्टिनच्या डीबी४ जीटी झागातोची गोष्ट याहून तात्त्विक आहे. १९६० ते १९६३ या काळात तिचे १९ नग बनले. १९९१ मध्ये कारखान्याच्या संमतीने, पूर्वी न वापरलेले चॅसी-क्रमांक देऊन आणखी चार बनवण्यात आले, आणि २०१९ मध्ये कारखान्याने पुन्हा १९ नगांची नवी तुकडी काढली. कोणीही कोणाला फसवले नाही, सर्व काही उघडपणे झाले; पण क्रमांक खरा आणि निर्माता खरा असूनही मोटार त्या काळाची नाही, असा प्रकार यामुळे अस्तित्वात आला. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२-१३ मध्ये स्वीकारलेली ‘तुरिन सनद’ इमारतींच्या जतनाविषयीच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेवर बेतलेली असून, वाहनाच्या आयुष्यात झालेले बदल हाही त्याच्या इतिहासाचाच भाग मानावा असा तिचा कल आहे. हा कल योग्य आहे, मात्र बाजार त्याला अजून पुरता वश झालेला नाही.

आतापर्यंतची उदाहरणे ज्यांची चरित्रे लिहिली गेली अशा मोटारींची आहेत. खरी कसोटी लागते ती युद्धोत्तर इटलीतल्या छोट्या कारखान्यांच्या मोटारींपुढे. चिसितालिया, सियाता, स्तांग्वेलिनी, आबार्थ, मोरेत्ती अशा कित्येकांनी फियाटचे यांत्रिक भाग घेऊन स्पोर्ट्‌स मोटारी बांधल्या, आणि त्यांत फियाट ११०० चे १०८९ घनसेंटिमीटरचे इंजिन फार लोकप्रिय होते. मराठी वाचकाला हे इंजिन अनोळखी नाही. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्यात फियाट ११०० आणि तिचीच पुढची आवृत्ती पद्मिनी बनवली, आणि २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झालेली काळी-पिवळी पद्मिनी त्याच घराण्यातल्या, त्याच क्षमतेच्या इंजिनावर चालत असे. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने १९५१ च्या ‘आठ मोटारी’ या प्रदर्शनात मांडलेली आणि पुढे १९७२ मध्ये आपल्या कायम संग्रहात घेतलेली पिनिन फारिनाची चिसितालिया २०२ हीदेखील याच इंजिनाची. तिच्यासारख्या मोटारीचे रूप जगप्रसिद्ध असले तरी तिच्या छोट्या भावंडांच्या बाबतीत इंजिनावरचा क्रमांक फियाटचा, चॅसीवरचा कधी फियाटचा तर कधी बांधणाऱ्याचा, अंगावर कोणतीच पाटी नाही आणि बांधणाऱ्याचा कारखाना दहा वर्षांत बंद, अशी स्थिती असते. इथे सिद्ध करण्यापेक्षा पर्याय वगळत जाणे हीच पद्धत उरते, आणि प्रामाणिक अहवाल ‘अमुक कारखान्याचे काम असण्याची शक्यता’ या शब्दांवर थांबतो.

भारतातही हा प्रश्न नियमांत शिरला आहे. २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार पन्नास वर्षांहून जुनी आणि चॅसी, अंग वा इंजिन यांत मोठा फेरबदल न झालेली वाहने ‘व्हिंटेज’ म्हणून ‘व्हीए’ अक्षरांच्या पाटीवर नोंदवता येतात. एकाच वाहनाने एकदाच अंग घेतले असेल या गृहीतावर ही व्याख्या उभी आहे. हयातीत तीनदा अंग बदललेली इटालियन मोटार तिच्यात कशी बसवायची, हा प्रश्न नोंदणी अधिकाऱ्याच्या टेबलावर येईल तेव्हा त्याला तुरिन सनद अधिक उपयोगी पडेल.

या साऱ्या चर्चेचा एक व्यावहारिक परिणाम म्हणजे पुनर्रचनेविषयीची बदललेली दृष्टी. नव्याने चमकवलेली मोटार पूर्वी सर्वोत्तम मानली जाई. पण रंगाचे थर खरवडताना मूळ रंग जातो, गंजलेली नळी बदलताना तिचे कापलेले टोक जाते, अस्तर फेकताना खडूचा अंक जातो. फ्रान्समधल्या बायों संग्रहाच्या, दशके शेडमध्ये पडून राहिलेल्या मोटारी फेब्रुवारी २०१५ मध्ये पॅरिसला धुळीसकट लिलावात आल्या, तेव्हा फ्रुआचे दुर्मीळ अंग असलेल्या मासेराती ए६जी २००० ग्रान स्पोर्टला मिळालेली किंमत ही अंशतः त्या न पुसलेल्या पुराव्याची किंमत होती.

मात्र पुरावा आणि नक्कल यांची शर्यत थांबलेली नाही. मूळ अंगाचे लेसरने त्रिमितीय मापन करून त्यातली डावी-उजवी असमानता जशीच्या तशी उतरवता येऊ लागल्यापासून असमानता ही खूण जवळपास निकामी झाली आहे, आणि जुन्या पद्धतीने ज्योतीवर जोडकाम करणारे कुशल कारागीरही अधिक पैसे दिल्यास मिळतात. त्यामुळे तपासणीचा भर आता पत्र्याच्या मिश्रधातूतील तांबे, मँगेनीज व मॅग्नेशियम यांच्या प्रमाणावर, रंगाच्या थरांच्या छेदावर आणि नळी व पत्रा यांच्यामध्ये साचलेल्या क्षारांच्या परीक्षणावर येत आहे. यांपैकी शेवटची गोष्ट बनावट करण्यासाठी लागणारा काळ अजून तरी कोणाला विकत घेता आलेला नाही.